सरासरी आठ, ट्रक खोळंबलेले

रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या एका स्पंज आयर्न कारखान्याची सर्व्हर रूम मी सांभाळत होतो. सकाळी पाळी बदलली की वजनकाट्याचा संगणक अडायचा, पावती निघायची नाही आणि कोळशाचे ट्रक फाटकाबाहेर खोळंबायचे. संशय नेटवर्कवर होता, कारण स्टोरेजच्या तासाभराच्या आलेखात लेटन्सी सरासरी आठ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे ठीकठाक दिसत होती.

तासातली ५५ मिनिटे ३ मिलिसेकंद आणि उरलेली ५ मिनिटे ६० मिलिसेकंद लागले, तरी सरासरी आठच्या आतच राहते. काट्यावरचा माणूस मात्र नेमका त्या पाच मिनिटांत अडकतो. म्हणून दर मिनिटाचे आणि प्रत्येक व्हॉल्यूमचे आकडे वेगळे काढले. रात्रीचा बॅकअप लांबून सकाळच्या पाळीत शिरत होता आणि काट्याचा डेटाबेसही त्याच डिस्कसमूहावर, म्हणजे पूलवर होता. बॅकअप लांबण्याचे कारण आणखी खाली सापडले. काजळीने एसीची जाळी बुजली होती, खोली तापली होती आणि कंट्रोलरच्या राइट कॅशची बॅटरी उतरली होती. बॅटरी गेली की डेटा सुरक्षित राहावा म्हणून कंट्रोलर कॅशमध्ये न थांबता थेट डिस्कवर लिहितो, आणि लिहिणे एकदम मंदावते. आधी बॅटरी बदलली, मग बॅकअपची वेळ अलीकडे आणली, तेव्हा काटा सुरळीत चालू लागला.

कारखान्यात सर्व्हर सांभाळणाऱ्यांना माझे सांगणे आहे: आधी आपल्या पूलची ताकद कागदावर मांडा. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची एक डिस्क सेकंदाला साधारण ८० कामे करते. अशा आठ डिस्कवर वाचण्याची ६४० कामे होतात. लिहिताना मात्र रेड-५ मध्ये एका लहान नोंदीला डिस्कची चार कामे लागतात, म्हणून १६०च उरतात; रेड-१० मध्ये ३२०. डेटाबेस कुठे ठेवायचा, हे या हिशेबावरून ठरवा.

थिन प्रोव्हिजनिंगमध्ये असते त्याहून जास्त जागा वाटता येते. पूल भरला की लिहिणे थांबते आणि त्यावरची अनेक व्हर्च्युअल मशीन एकदम अडकतात. म्हणून ७० टक्क्यांवर पहिली आणि ८० टक्क्यांवर दुसरी सूचना लावा. जुने स्नॅपशॉट वेळेवर काढा. एखादे मशीन सगळी क्षमता ओढत असेल, तर त्याला मर्यादा घाला.

बदल एका वेळी एकच करा. दोन एकदम केले, तर गुण कशाचा हे कळत नाही. जाळी आणि बॅटरीची तपासणी ठरलेल्या दिवशी करा. रायपूरचा उन्हाळा त्यात सवलत देत नाही.

आणि सगळे सुरळीत चालले असतानाच एका आठवड्याची मिनिटागणिक नोंद काढून जपून ठेवा. निरोगी दिवसाचे आकडे हाताशी नसतील, तर बिघाडाच्या दिवशी कशाशी ताडून पाहणार?