इंचभर उचला, इंचभर भरा

प्रश्न : आमच्या शाळेच्या मैदानावर आपत्ती दलाच्या जवानांनी प्रात्यक्षिक दाखवलं. मोठ्या स्लॅबखाली माणसाएवढी बाहुली ठेवली होती. आम्हाला वाटलं, दहा-बारा धट्टेकट्टे गडी आहेत, हां हां म्हणता स्लॅब उचलतील. पण ते पाऊण तास लाकडाचे ठोकळेच रचत बसले. मुलं कंटाळली. खऱ्या अपघातात इतका वेळ कुणाजवळ असतो? आणि ठोकळे लाकडाचेच का, लोखंडाचे का नाहीत? सहावीतल्या एका मुलाची शंका वेगळीच आहे : प्रत्येक ठोकळ्याला दोरीची कडी कशाला बांधली होती?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : आधी वजनाचा हिशेब मांडू. दहा बाय दहाच्या खोलीवरचा पाच इंच जाडीचा स्लॅब धरा. एक घनमीटर काँक्रीट अडीच टनांच्या आसपास भरतं. म्हणजे तुमच्या-माझ्या बेडरूमवरचं छत झालं जवळजवळ तीन टनांचं. इमारत बसली की हे छत सपाट जमिनीवर येऊन पडत नाही, कशावर तरी अडतं. वाकलेल्या सळईवर, अर्ध्या भिंतीवर, कधी नुसत्या लोखंडी कपाटावर. त्या अडण्यामुळे खाली जी पोकळी उरते, तिच्यात माणूस जिवंत असतो. आता नेमका कुठला तुकडा कुणाला धरून आहे, हे वरून कळत नाही. तुम्ही भाबडेपणाने ओढलेली वीटच टेकू असू शकते.

त्यामुळे घाई करू नये असं नाही. घाई कुठे करायची ते ठरलेलं असतं. वरवर अडकलेल्यांना शेजारीपाजारी पहिल्या तासा-दोन तासांत हातांनी बाहेर काढतात आणि ते योग्यच आहे. जवानांची खरी विद्या त्यानंतर लागते, जिथे हात पोचत नाहीत तिथे. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी कोसळली. सोळा जण दगावले. पण चार वर्षांचा एक मुलगा साधारण १९ तासांनी जिवंत निघाला आणि एक महिला साधारण २६ तासांनी. एवढे तास त्या पोकळ्या टिकल्या आणि त्यांच्या डोक्यावर काम करणाऱ्यांनी त्या टिकू दिल्या.

आता ठोकळे. चार इंची चौरस ठोकळे दोन-दोनच्या थरांत, प्रत्येक थर खालच्या थराला काटकोनात, असे रचत गेलं की प्रत्येक थरात चार ठिकाणी लाकडावर लाकूड टेकतं. साध्या पाइनसारख्या लाकडाची अशी चौकड अकरा टनांच्या आसपास भार पेलते. ठोकळे सहा इंची घेतले तर सत्तावीस टन. आपल्याकडचे गवंडी पडाऊ भिंतीला धिरा देतात, त्याच घरातली ही विद्या आहे, फक्त धिरा उभ्या बल्लीचा आणि ही चौकड आडव्या लाकडांची. ठोकळ्यांची टोकं चौकडीबाहेर चारेक इंच राहू देतात, नाहीतर भार आला की लाकूड टोकाशी चिरतं. वर स्लॅब आणि चौकड यांच्यामध्ये फट उरते, तिथे समोरासमोरून दोन पाचरी मारतात, एक ठोका इकडून, एक तिकडून.

मग स्लॅब उचलायचा. त्यासाठी जेमतेम इंचभर जाडीची रबरी गादी असते, फटीत सरकवून हवा भरली की कित्येक टन वर जातात. पण जगभरच्या बचाव पथकांचा नियम एकच : इंचभर उचला, इंचभर भरा. गादीने इंच वर नेलं की चौकडीत इंचाची भर. गादी निसटली, फाटली, तरी स्लॅब इंचभरच खाली येणार. तुमच्या मुलांनी पाऊण तास पाहिलं ते हेच. चित्तथरारक नाही हे कबूल.

लोखंड का नाही, हा प्रश्न मला फार आवडला. लोखंड ताकदीला कमी नाही. पण काँक्रीटवर ते घसरतं, आणि शेवटच्या क्षणापर्यंत गप्प बसतं. मऊ लाकूड आडव्या रेषांवर दाबलं गेलं की आधी चेपतं, पाणी सोडल्यासारखं दिसतं, कुरकुरतं. भार वाढतोय हे ते बोलून दाखवतं, आणि माणसाला मागे सरायला वेळ मिळतो. ही कुरकुर कुठल्या पुस्तकात ऐकू येत नाही. म्हणून प्रशिक्षणाला खरं लाकूड, खरं काँक्रीट आणि खरं वजन लागतं. चौकडीची आकृती फळ्यावर दोन मिनिटांत समजते. उतरत्या, चिखलाच्या जागेवर तीच रचताना पहिली दोन-तीन वेळा ती हमखास वाकडी होते.

काँक्रीट फोडण्याचंही असंच. खाली माणूस नाही हे नक्की असेल तर तुकडे आत पडले तरी चालतात, काम लवकर होतं. माणूस थेट खाली असेल तर आधी लहान भोक पाडून कॅमेरा आत सोडायचा, मग बाजूने कापत न्यायचं आणि कापलेला तुकडा आत न पाडता वर उचलून काढायचा. दुसऱ्या रीतीला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तो धीर हातात मुरवावा लागतो. दमलेला माणूस नकळत पहिल्या रीतीवर येतो.

आणखी एक थांबणं आहे, तुमच्या प्रात्यक्षिकात ते बहुधा दाखवलं नसेल. तासन् तास पाय चेंगरलेला माणूस बोलत असतो, पाणी मागत असतो, आणि वरचा भार काढल्याकाढल्या त्याचं हृदय बंद पडू शकतं. चिरडलेल्या स्नायूंत साठलेलं पोटॅशियम एकदम रक्तात जातं, मूत्रपिंडंही कोलमडतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा १९४१ साली तिथल्या डॉक्टरांनी हा प्रकार नीट मांडला. म्हणून आता भार उचलण्याआधीच, ढिगाऱ्यात शिरून, शिरेतून सलाईन सुरू करतात. बाहेर जमलेल्या नातेवाइकांना हे दिसतं कसं? स्लॅब मोकळा झालाय आणि ही मंडळी उचलत का नाहीत, असं. शिव्या बसतात.

शिट्टीही शिकवतात. तीन सेकंदांची एक लांब शिट्टी म्हणजे सगळं बंद, कुणी हलायचं नाही. ढिगाऱ्यातून हाक किंवा ठकठक ऐकू येते का ते ऐकायचं. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे बाहेर पळा. एक लांब, एक आखूड म्हणजे पुन्हा कामाला लागा. पहिली शिट्टी सगळ्यात अवघड, कारण ती बघ्यांच्या गर्दीला कुणी शिकवलेली नसते.

हात आवरण्याची सगळ्यात कठोर परीक्षा मात्र ढिगाऱ्यात नसते. ती आपल्या गावातल्या विहिरीत, गटारात आणि शोषखड्ड्यात असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले, पाच गेले. अशा जागी हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या जवळ असायला हवा; साडेएकोणीसच्या खाली गेला की बचाव पथकाच्या हातातलं गॅस मोजायचं यंत्र ओरडतं. सडक्या अंड्यांचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तर फसवा : प्रमाण वाढलं की तो नाकाचीच संवेदना मारतो, वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. शिकलेला माणूस काठावर उभा राहून आधी यंत्र दोरीने खाली सोडतो, पंख्याने हवा भरतो, तिवई उभारतो आणि श्वसनयंत्र लावल्याशिवाय उतरत नाही. खाली पडलेला त्याचाच सहकारी असला तरी.

हे सगळं आपल्याकडे शिकवतं कोण? २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, पाठोपाठ २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभं राहिलं. आपल्यासाठी येते ती त्यांची पाचवी बटालियन तळेगाव दाभाड्याजवळ सुदुंबऱ्याला असते, संताजी जगनाडे महाराजांची समाधी असलेलं तेच गाव. अकादमी नागपुरात आहे. सह्याद्रीच्या दऱ्यांत दोरीवरची कामं मात्र लोणावळा-महाबळेश्वरकडच्या गिर्यारोहकांनी स्वतःच्या पदरमोडीने शिकून घेतली आहेत आणि कित्येकदा सरकारी गाडी पोचायच्या आत तेच दरीत उतरलेले असतात.

सराव कधी संपत नाही, ऐन घटनेतही. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. सुमारे ८०० मिलिमीटरच्या पाइपातून त्यांना चाकांच्या स्ट्रेचरवर ओढायचं ठरलं. पाइप पुरता पोचण्याआधीच जवानांनी त्यात स्ट्रेचर घालून, वर माणूस झोपवून, ओढून पाहिलं.

एक सूचना तुमच्या मुख्याध्यापकांना द्या. प्रात्यक्षिक बघणं निराळं, मुलांना त्यात उतरवणं निराळं. २०१८ साली कोइमतूरच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या मजल्यावरून उडी मारायचं प्रात्यक्षिक करवताना विद्यार्थिनीचा जीव गेला आणि प्रशिक्षकाला अटक झाली. कुणाचं प्रमाणपत्र आहे, हे विचारायला लाजू नका.

राहिली दोरीची कडी. ठोकळा चौकडीतून काढताना हात भाराखाली जाऊ नये म्हणून ती असते. कडीला धरून बाहेरूनच ओढतात. आत सरकवायचा तर दुसऱ्या ठोकळ्याने ढकलतात. त्या मुलाला सांगा, पुढच्या वेळी जवानांची बोटं बघ. एकाचंही बोट स्लॅबखाली जाताना दिसलं तर मला कळव.