मासे विकणे आणि मासे दाखवणे

अभ्यासलेख



लूककृत शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातला शिमोन पेत्राचा मचवा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. रात्रभर कष्ट करून हाती काही लागले नव्हते, जाळी धुण्याचे काम चालू होते, आणि अशा वेळी मचवा किनाऱ्यापासून थोडा आत नेण्याची विनंती झाली. जाळी फाटेपर्यंत मासे मिळाले ही पुढची गोष्ट. त्याआधी एका दमलेल्या कोळ्याने एका पाहुण्याला आपल्या मचव्यात जागा दिली, हे वाचताना आपण सहज ओलांडून जातो. गेली दोन वर्षे वरवंड परिसरातल्या वस्तीवर काम करताना मला हा भाग पुन्हा पुन्हा आठवला. तो का, ते या लेखात सांगते. आपल्या मंडळीतून कोणी आदिवासी तरुणांना जोडधंदा उभा करून देऊ पाहत असेल, तर आमच्या चुकांचा त्यांना उपयोग व्हावा हाही हेतू आहे.

सुरुवात कशी झाली

वरवंड हे दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. इथला व्हिक्टोरिया तलाव जुना आहे, आणि खडकवासल्याच्या कालव्याचे आवर्तन आले की तो भरतो. उत्तरेला भीमा वाहते. नदीकाठी भिल्ल कुटुंबे आहेत. ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ती जाळी टाकतात आणि मिळेल तो मासा व्यापाऱ्याला देतात.

अशाच एका वस्तीतला चोवीस वर्षांचा मुलगा. त्याच्या वडिलांनी आजारपणात व्यापाऱ्याकडून ४०,००० रुपये उचल घेतली होती. वडील गेले, उचल मुलाच्या अंगावर राहिली. अट अशी की मासा त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच भावाने द्यायचा. तीन वर्षे रोज मासा देऊनही रक्कम तेवढीच होती.

एका रविवारी पुण्याचे एक गृहस्थ रॉड आणि रील घेऊन नदीवर आले. तीन तास बसले, गळाला काही लागेना. हा मुलगा बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, इथं तळात मृगळ आहे आणि तुम्ही गळ वर तरंगत ठेवलाय." त्याने गळ खाली सोडायला लावला, आमिष बदलून पेंड आणि कणकेचा गोळा लावून दिला. तासाभरात त्या गृहस्थांना दोन मासे मिळाले. जाताना त्यांनी ५०० रुपये हातावर ठेवले.

तो संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, मासा विकला नाही तरी पैसे मिळाले."

आमची पहिली चूक

मला अतिशय आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात मी घाई केली. ओळखीच्या दोन कुटुंबांकडून देणगी घेऊन दोन रॉड आणले. पुण्यातल्या चार हौशी मंडळींना निरोप दिला आणि शेजारच्या एका तलावावर त्यांची सोय केली. मुलगा पहाटे चारला उठून आमिष घेऊन तिथे पोहोचला.

सकाळी नऊच्या सुमारास मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेची माणसे आली. "कोणाला विचारून?" एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. पाहुण्यांसमोर त्याला बोलणी बसली, रॉड काढून घेतले गेले, मंडळी परत गेली. घेतलेले पैसे मी परत केले. परतताना तो एकच वाक्य बोलला : "ताई, मासा सुटला तर परत येतो, गिऱ्हाईक सुटलं की येत नाही."

त्यानंतर दोन महिने तो पुन्हा निमूटपणे व्यापाऱ्याला मासा देत राहिला. संस्थेचे वागणे कडक असेल, पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. चूक माझी होती. मी साधनांपासून सुरुवात केली, आणि सुरुवात कागदापासून करायला हवी होती.

भिगवणला काय शिकलो

मग आम्ही वस्तीतले चौघे आणि मी, असे भिगवणला गेलो. वरवंडहून त्याच महामार्गाने सोलापूरच्या दिशेने गेले की उजनीचे पाणलोट लागते. भीमेवरच्या या धरणाचे काम १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. गावे, शेते पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की आजही वर दिसते. काठावरच्या अनेक कुटुंबांनी मासेमारी धरली. पुढे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली, तशी कुंभारगाव, डिकसळ भागातल्या मच्छीमार तरुणांनी त्यांना होडीतून नेण्यास सुरुवात केली. आज तिथे तो एक व्यवसाय झाला आहे. होडी, वाटाड्या, घरचे माशाचे जेवण, मुक्काम असे सगळे गावातच मिळते.

आमच्या होडीवाल्याकडे मी लक्ष देऊन पाहत होते. पक्षी बरेच लांब असतानाच त्याने यंत्र बंद केले आणि बांबूने होडी रेटत नेली. रोहित, पट्टकदंब, चक्रवाक, शेकाट्या ही नावे त्याला मराठीत आणि इंग्रजीतही येत होती. सूर्य पाठीशी राहील अशी त्याने होडी वळवली, कारण पाहुण्यांना फोटो काढायचे होते. "जवळ घ्या ना," असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "जवळ गेलो तर उडतील, मग मागच्या होडीला काही दिसणार नाही."

परतीच्या एसटीत आमचा मुलगा म्हणाला, "त्यानं मासा पकडणं सोडलं नाही. पाणी ओळखायची जी अक्कल मासा पकडायला लागते, तीच त्यानं पाहुण्याला विकली." या लेखाचा गाभा त्याच्या या एका वाक्यात आहे.

सुरुवात करणाऱ्यासाठी पाच धडे

१. आधी परवानगी. तलाव बहुधा जलसंपदा विभागाचा असतो आणि मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. म्हणून दोन्हीकडे विचारावे आणि संस्थेची संमती लेखी घ्यावी. आम्ही पुन्हा त्याच संस्थेकडे गेलो, माफी मागितली आणि फेरीमागे १०० रुपये देण्याचे ठरवले. होडीही त्यांच्याच एका सभासदाची भाड्याने घेतली. ज्यांनी रॉड काढून घेतले होते, त्यांनीच ते परत दिले. स्फोटके किंवा विष टाकून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून बंदी आहे. आपल्या माणसाने अशा लोकांच्या जवळपासही राहू नये.

२. मग जिवाची काळजी. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनीत कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जण बुडाले. पोहत काठ गाठणारा एकच वाचला. ही घटना आम्ही वस्तीत बसून पुन्हा पुन्हा बोललो. आमचे नियम असे ठरले : होडीत बसण्याआधीच लाइफ जॅकेट घालायचे, वाटाड्यानेसुद्धा. होडीत दोर ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर होडी काढायची नाही, कारण वळवाचा वारा सांगून येत नाही. पाहुणा दारू प्यायलेला असेल तर फेरी रद्द, पैसे परत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नोंद झालेल्या मच्छीमारांसाठी अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये मिळतात. पण तो मच्छीमाराचा विमा आहे, पाहुण्याचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

३. जे ठाऊक आहे ते शब्दांत सांगणे. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मरळ गवताच्या कडेला दबा धरून असते, वाम गांडुळाला येते. हे आपल्या मुलांच्या हातांना ठाऊक असते, पण तोंडाने सांगायची सवय नसते. आम्ही आठवड्यातून एक संध्याकाळ हाच अभ्यास केला. एकाने पाहुणा व्हायचे, दुसऱ्याने समजावून सांगायचे. पहिल्या दिवशी सगळे हसत होते. तिसऱ्या आठवड्यात एका मावशीने मध्येच उठून आमिष मळण्याची रीत इतकी छान सांगितली की पुढे तो धडा तीच घेऊ लागली.

मासा मिळेलच असे वचन कधी देऊ नये. "जागा दाखवीन, आमिष देईन, मासा त्याच्या मर्जीचा," असे आधीच सांगितले की भांडण होत नाही.

४. दर आणि हिशेब. पहिल्यांदा त्याने दर सांगितलाच नाही. "द्या साहेब काय वाटेल ते," असे म्हणाला. ही नम्रता आहे असे आपल्याला वाटते, पण खरे तर ती पिढ्यान्‌पिढ्यांची भीती असते. आता दोघांसाठी अर्ध्या दिवसाचे १,२०० रुपये ठरलेले आहेत. त्यातून होडीचे भाडे २५०, संस्थेचे १००, आमिष आणि चहाचे १५० गेले की ७०० उरतात. तीन किलोचा कटला व्यापाऱ्याला दिला, तर त्याच्या भावाने याच्या निम्मेसुद्धा हाती येत नव्हते. प्रत्येक फेरी वहीत लिहायची, हा माझा आग्रह. मुलगा चौथीपर्यंत शिकलेला आहे. वही तो स्वतः लिहितो.

५. मासा परत सोडणे. हौशी मंडळींपैकी बऱ्याच जणांना मासा न्यायचा नसतो, फोटो काढून सोडायचा असतो. वस्तीवर हे ऐकून आधी सगळे थक्क झाले. सोडायचा तर तो जगला पाहिजे. हात ओले करून धरावा, कल्ल्यात बोट घालू नये, गळ काट्याविना असावा, आणि मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासा अंड्यावर असतो, तेव्हा फेऱ्या बंद.

या धंद्याची मर्यादा

दक्षिणेतले एक उदाहरण सांगते. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी, गलिबोरे अशा ठिकाणी महसीर माशासाठी देशोदेशीचे गळकरी येत. पूर्वी चोरून मासे मारणारे काही स्थानिक लोक तिथे वाटाडे आणि राखणदार झाले. पुढे अभयारण्यात गळाने मासेमारी करणे वन्यजीव कायद्यात बसत नाही असे ठरून ते बंद झाले, आणि त्यावर पोट असलेल्यांचे काम गेले. २०१८ मध्ये तिथल्या कुबडाच्या महसीरची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त माशांत झाली. म्हणून या धंद्यावर संपूर्ण घर टाकू नये. तो जोडधंदाच असावा.

आमचा अनुभवही तसाच आहे. पाहुणे रविवारी येतात, तेही थंडीत. गेल्या हंगामात १९ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीतून ५०० रुपये बाजूला काढून त्याने ९,५०० रुपये उचलीपोटी फेडले. ३०,५०० बाकी आहेत.

इथे एक अवघड गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. व्यापाऱ्याने रोख घ्यायला आधी नकार दिला. "पैसे नको, मासा दे," असे तो म्हणाला. उचल फिटण्यापेक्षा मुलगा बांधलेला राहणे त्याच्या फायद्याचे होते. उचलीपोटी कोणाला आपल्या कष्टाचा माल बाजारभावाने विकण्याचा हक्क सोडायला लावणे, हे १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यात बसते, आणि तसे सिद्ध झाले तर ती उचल फेडण्याचे बंधनच उरत नाही. मी मुलाला हे सांगितले, तक्रारीला सोबत येते म्हणाले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही संध्याकाळी घरी जाता. मला उद्याही नदीवरच राहायचंय."

मी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. वस्तीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आम्ही व्यापाऱ्याकडे गेलो, कायद्याचा कागद समोर ठेवला आणि रोख रक्कम पावती करून दिली. आता तो पावती देतो. मुलगा आपला मासा दुसरीकडेही विकतो. हे पुरेसे आहे का, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

आपण काय करू शकतो

रॉडपेक्षा लाइफ जॅकेट द्या. पैशांपेक्षा ओळख द्या. तुमच्या कचेरीत गळ टाकण्याची हौस असलेला कोणी असेल तर त्याला पाठवा, आणि त्याने ठरलेला दर घासाघीस न करता द्यावा असे सांगा. जातीचा दाखला काढण्यासाठी सोबत चला, कारण घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची किंवा शबरी महामंडळाची कोणतीही योजना दाखल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपण मदत करताना आधी साधने देतो की आधी विचारतो? आपल्या अनुभवातले एक उदाहरण सांगा.

२. पेत्राने दमलेला असतानाही मचवा दिला. आपल्याकडे असे कोणते कौशल्य आहे, ज्याला आपण किंमत देत नाही?

३. कायदा आपल्या बाजूचा असून पीडित माणूस तक्रार करायला तयार नसेल, तर आपले कर्तव्य काय?

४. "द्या काय वाटेल ते," असे म्हणणाऱ्याला आपण किती देतो?

येत्या हंगामात आणखी दोन मुले तयार होत आहेत. त्यांच्यासाठी चार लाइफ जॅकेट हवी आहेत, त्यांत दोन लहान मुलांच्या मापाची. आता पाहुणे कुटुंबासह येऊ लागले आहेत.