ठाणे आणि गाव : आष्टीच्या निमित्ताने एक अभ्यास

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील आष्टी हे गाव ‘शहीद आष्टी’ या नावाने ओळखले जाते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, ‘चले जाव’ आंदोलनाची घोषणा करीत येथील ग्रामस्थ राष्ट्रध्वज घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला, काही ग्रामस्थ जागीच धारातीर्थी पडले. संतप्त जमावाच्या हातून ठाण्यातील अधिकारी व शिपाईही मारले गेले. त्याच दिवशी चिमूर येथेही असाच उद्रेक झाला. पुढे आष्टी-चिमूर खटला चालला, अनेकांना फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली आणि देशभर उठलेल्या लोकमतानंतर ती जन्मठेपेत बदलण्यात आली.

त्या दिवशी ठाणे आणि गाव हे दोन परस्परविरोधी पक्ष होते. ठाणे परकीय सत्तेचे होते, गाव स्वातंत्र्याची मागणी करीत होते. स्वराज्य आले, १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. ठाण्यावर आता लोकांच्याच राज्याचा ध्वज आहे. तरीही एक प्रश्न उरतोच : ठाण्याच्या पायरीवर पाऊल ठेवताना सामान्य ग्रामस्थाला आपण आपल्याच घरी आलो असे वाटते काय? कायदा, मनुष्यबळ आणि लोकसेवा या तिन्ही अंगांचा विचार अखेर याच प्रश्नापाशी येऊन थांबतो.

आष्टीपासून फार दूर नसलेल्या सेवाग्राम येथे महात्मा गांधींचे वास्तव्य असताना, सप्टेंबर १९४० मध्ये त्यांनी ‘हरिजन’मध्ये आपल्या कल्पनेतील पोलीस दलाविषयी लिहिले होते. असे दल लोकांचे धनी नसून सेवक असेल आणि लोकही स्वतःहून त्याला साहाय्य करतील, असा त्याचा आशय होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगावा लागला. त्यांनीही ‘ग्रामगीते’त ग्रामरक्षणाच्या विषयाला स्वतंत्र स्थान दिले. वर्धा परिसराला हा दुहेरी वारसा लाभलेला आहे.

ठाण्याची रचना

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत व २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४ होती. पूर्वी आर्वी तालुक्यात असलेली आष्टी आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. महसुली कारभारासाठी हा तालुका आर्वी उपविभागात मोडतो. तालुक्यातील तळेगाव (श्यामजीपंत) येथून नागपूर-अमरावती राष्ट्रीय महामार्ग जातो. एकीकडे संत्र्याच्या बागा व कापसाची शेते, तर दुसरीकडे रात्रंदिवस धावणारी वाहने, अशा दोन भिन्न जगांचे रक्षण येथील पोलिसांना करावे लागते.

जिल्ह्याच्या पोलीस दलाचे प्रमुख पोलीस अधीक्षक असतात. त्यांच्या हाताखाली उपविभागीय पोलीस अधिकारी आणि प्रत्येक ठाण्यावर प्रभारी अधिकारी, म्हणजे विदर्भातील बोलीत ठाणेदार, अशी ही उतरंड आहे. ठाण्याची हद्द बीटांमध्ये विभागलेली असते. प्रत्येक बीटाखाली काही गावे व त्यांच्यासाठी एक बीट अंमलदार नेमलेला असतो. ग्रामपंचायत सदस्याला ठाणेदारांचे नाव ठाऊक असते. परंतु दैनंदिन कामासाठी त्याला खरी गरज असते ती बीट अंमलदाराची. गावातील कोणता तंटा धुमसतो आहे, कोणत्या वाटेने चोरट्यांची ये-जा होते, कोणत्या घरी वृद्ध दांपत्य एकटे राहते, हे ज्या अंमलदाराला ठाऊक आहे त्याचे बीट शांत राहते.

मनुष्यबळाचा प्रश्न

शिपाई, हवालदार, सहायक पोलीस उपनिरीक्षक, उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक व निरीक्षक अशी ठाण्यातील पदांची चढती श्रेणी आहे. पोलीस नाईक हे मधले पद २०२२ मध्ये रद्द करण्यात आल्याने शिपायाच्या पदोन्नतीचा मार्ग काहीसा जवळचा झाला. भरतीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. ग्रामीण ठाण्याच्या दृष्टीने ही तरतूद विशेष मोलाची आहे. कारण ठाण्यात महिला अंमलदार नसेल, तर अत्याचारित स्त्रीची अर्धी हकीकत तिच्या ओठांवरच राहते.

संख्येइतकाच महत्त्वाचा प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे. ठाण्यातील शिपायाला गस्त घालावी लागते, समन्स व वॉरंट बजावावी लागतात, आरोपीला न्यायालयात न्यावे लागते, मुद्देमाल सांभाळावा लागतो आणि यात्रा, निवडणूक, मिरवणूक यांचा बंदोबस्तही करावा लागतो. बंदोबस्ताला दिवस ठरलेला असतो, तपासाला तसा नसतो. म्हणून ओढाताणीत नेहमी तपासच मागे पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात तपास व सुव्यवस्था यांचे मनुष्यबळ वेगळे करण्याचा निर्देश दिला, त्यामागील कारण हेच होते. लहान ठाण्यात ही विभागणी अवघड जाते. अशा ठाण्याला गावाकडून मिळणारी मदत म्हणजे एक प्रकारचे अधिक मनुष्यबळच होय.

पोलीस पाटील : गाव व ठाणे यांतील दुवा

या मदतीची कायदेशीर व्यवस्था म्हणजे पोलीस पाटील. वंशपरंपरेने चालत आलेली पाटीलकी संपुष्टात आल्यानंतर महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये हे पद नव्या स्वरूपात निर्माण झाले. आता ते कोणत्याही घराण्याचे वतन नाही. गावचा रहिवासी असलेला, वयाची व शिक्षणाची अट पूर्ण करणारा कोणत्याही समाजाचा पुरुष अथवा स्त्री परीक्षा देऊन या पदावर येऊ शकते. नेमणूक महसूल खात्याच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडून होते, तर दैनंदिन संबंध पोलीस ठाण्याशी असतो. त्यामुळे पोलीस पाटील हा तहसील, ठाणे व गाव या तिघांना जोडणारा दुवा ठरतो.

गावातील गुन्ह्यांची व सर्वसाधारण स्थितीची माहिती कळविणे, गुन्हे व सार्वजनिक उपद्रव यांस प्रतिबंध करणे, तपासात पोलिसांना साहाय्य करणे ही त्याची प्रमुख कर्तव्ये होत. विहिरीत प्रेत आढळले, एखाद्या शेतकऱ्याने विष प्राशन केले, साथीचा रोग पसरला, पुराचे पाणी चढू लागले, तर पहिली वर्दी त्यानेच द्यावयाची असते. घटनास्थळी गर्दी होऊन पुरावा नाहीसा होऊ नये, एवढी दक्षता त्याने घेतली तरी तपासाचे निम्मे काम सुकर होते. दीर्घकाळ तुटपुंज्या मानधनावर चाललेल्या या पदाचे मानधन २०२४ मध्ये दरमहा १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. मानधन वाढले तशी जबाबदारीही वाढली. पोलीस पाटील एखाद्या गटाचा झाला, तर गावातील दुसऱ्या गटासाठी ठाण्याचे दार बंद होते. म्हणूनच त्याने राजकारणापासून अलिप्त राहणे अगत्याचे आहे.

कोणता तंटा गावात, कोणता ठाण्यात

गावातील बहुतेक भांडणांचे मूळ लहान असते. समजा, दोन शेजाऱ्यांमध्ये धुऱ्यावरून वाद आहे. एकाने नांगरताना दोन हात जमीन आत घेतली. पहिल्या वर्षी बोलाचाली होते, दुसऱ्या वर्षी काठ्या निघतात, तिसऱ्या वर्षी एकजण रुग्णालयात व दुसरा कोठडीत असतो. पहिल्याच वर्षी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेतली असती, तर दोन कुटुंबे वाचली असती. हाच विचार मनात धरून राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू करण्यात आली. ग्रामसभेतून समिती निवडावी, जुने तंटे सामोपचाराने मिटवावेत व नवे निर्माण होऊ देऊ नयेत, अशी ही योजना होती. यशस्वी गावांना लोकसंख्येनुसार १ लाख ते १० लाख रुपयांपर्यंतचे पुरस्कार ठेवण्यात आले होते.

मात्र सामोपचाराला मर्यादा आहेत, हे पंचायत सदस्यांनी नीट लक्षात घ्यावयास हवे. दिवाणी व महसुली वाद आणि कायद्याने आपसात मिटविण्याजोगे ठरविलेले किरकोळ फौजदारी गुन्हे यांतच गावाने मध्यस्थी करावी. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार, हुंड्यासाठी मृत्यू, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींवरील अत्याचार अशा बाबी चावडीवर मिटवावयाच्या नसतात. तेथे ‘गावाची अब्रू’ हे कारण पुढे करून फिर्याद दाबणे हा समेट नव्हे. तो दुर्बलावरील दुसरा अन्याय होय. पुरस्कारासाठी तंट्यांचा आकडा कमी दाखविणारे गाव आणि खरोखर तंटामुक्त झालेले गाव यांतील फरक येथेच दिसून येतो.

दारूबंदी : जिल्ह्याची कसोटी

गांधी-विनोबांच्या कार्याने पावन झालेला वर्धा जिल्हा गेल्या शतकातील सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा जिल्हा आहे. परंतु बंदीचा हुकूम निघाल्याने मोहाची हातभट्टी आपोआप विझत नाही. शिवारात व नाल्याकाठी चालणारी भट्टी आणि शेजारच्या जिल्ह्यांतून चोरट्या मार्गाने येणारा माल हे ठाण्यापुढील नित्याचे आव्हान आहे. छापा घालून सडवा नष्ट केला जातो, गुन्हा नोंदविला जातो आणि काही दिवसांनी दुसऱ्या नाल्यावर पुन्हा धूर दिसू लागतो.

ही साखळी एकटे पोलीस दल तोडू शकत नाही. या जाणिवेतूनच २०१६ मध्ये महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमात सुधारणा करून ग्रामसभेच्या पुढाकाराने ग्रामरक्षक दल स्थापन करण्याची तरतूद झाली. दारूची झळ ज्यांच्या चुलीपर्यंत पोहोचते, त्या स्त्रियांचा सहभाग या कामी निर्णायक ठरतो. तथापि, माहिती देणाऱ्या स्त्रीचे नाव विक्रेत्यापर्यंत पोहोचणार नाही, ही हमी ठाण्याने पाळली पाहिजे. एकदा हा विश्वास तुटला की पुढची माहिती येत नाही. उलट, आपल्याच नात्यातील विक्रेत्याला सोडविण्यासाठी पंचायत सदस्य ठाण्यात शब्द टाकू लागला, तर पोलिसांना दोष देण्याचा अधिकार गाव गमावून बसते.

फिर्यादीचे हक्क

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे अमलात आले. शिक्षक व पंचायत सदस्यांनी त्यांतील निदान पुढील गोष्टी गावाला समजावून सांगाव्यात.

दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद, घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात नोंदविता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठविलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांत स्वाक्षरी करणे आवश्यक असते. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत त्याला कळविणे बंधनकारक आहे. ठाण्यात दाद न लागल्यास पोलीस अधीक्षकांकडे व पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले आणि ६० वर्षांवरील व्यक्ती यांना जबाबासाठी साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या राहत्या ठिकाणी जावयाचे असते. अटक केलेल्या व्यक्तीस, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते.

ठाण्यातील नोंदी २०१५ पासून संगणकाच्या जाळ्यात आल्या आहेत. संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरविल्यास नवी मुंबई अथवा नागपूर येथील केंद्रात हाक पोहोचते आणि तेथून जवळच्या वाहनास सूचना जाते. फोनवरून पैसे लुबाडले गेल्यास १९३० आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. फसवणुकीत पहिले काही तास मोलाचे असतात. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहिल्यास खात्यातील रक्कम हातची जाते.

महामार्गालगतच्या गावांसाठी आणखी एक बाब. अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेने संरक्षण दिले आहे. त्याने आपले नाव सांगावे अशी सक्ती करता येत नाही. ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ या भीतीने रक्तबंबाळ माणसाला रस्त्यावर सोडून जाण्याचे कारण आता उरलेले नाही.

शाळा आणि ठाणे

२ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलीस दलास ध्वज प्रदान करण्यात आला. त्या स्मरणार्थ दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस स्थापना दिन सप्ताह साजरा होतो व विद्यार्थ्यांना ठाणे दाखविण्यात येते. हा उपक्रम केवळ शस्त्रे पाहण्यापुरता राहू नये. स्टेशन डायरी म्हणजे काय, फिर्याद कशी लिहितात, कोठडीतील माणसालाही कोणते हक्क असतात, हे मुलांनी विचारावे आणि ठाणे अंमलदाराने सांगावे. ‘गप्प बैस, नाहीतर पोलीस येईल’ असे सांगून घरोघरी जी भीती पेरली जाते, तिच्यावर अशी एक भेट चांगला उतारा ठरते. हीच मुले उद्या फिर्यादी, पंच किंवा साक्षीदार म्हणून ठाण्यात येणार असतात.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्य ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. सज्जनांचे रक्षण प्रथम व दुर्जनांचे पारिपत्य नंतर, हा त्यातील क्रम अर्थपूर्ण आहे. ठाण्याची प्रगती नव्या वाहनांवर किंवा इमारतीवरच मोजता येत नाही. रात्री-अपरात्री एकटी स्त्री निर्धास्तपणे ठाण्यात जाऊ शकते काय, गरिबाची फिर्याद पहिल्याच खेपेला लिहून घेतली जाते काय आणि गावही खरी साक्ष देण्यास पुढे येते काय, यावरच ती मोजावी लागेल. १९४२ च्या नागपंचमीला आष्टीच्या ठाण्यापुढे ज्यांनी देह ठेवला, त्यांना ठाणे गावाचे व्हावयास हवे होते. ते तसे करणे व ठेवणे हे ठाण्याइतकेच गावाच्याही हाती आहे.