नऊ माणसांचं घर आधी, की आजी-नातवाचं?

प्रश्न : राजूरजवळच्या आमच्या वाडीत एका घरात नऊ माणसं राहतात. पलीकडच्या घरात एक म्हातारी आजी आणि तिचा शाळकरी नातू, एवढेच. घरकुलाच्या यादीवरून वाद झाला, तेव्हा कुणी म्हणालं, खाणारी तोंडं जास्त तिथे गरिबी जास्त. कुटुंब किती मोठं आहे यावरून सरकार गरिबी ठरवतं का?
– एक वाचक, राजूर (ता. अकोले)

उत्तर : नाही, ठरवत नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेत ग्रामीण कुटुंबांची वंचितता सात निकषांवर पाहिली गेली. घरात किती माणसं आहेत, हे त्यांतला एकही निकष विचारत नाही. घरात कोण आहे, हे मात्र तीन निकष थेट विचारतात: १६ ते ५९ वयाचं कुणी आहे का, बाई कुटुंबप्रमुख असेल, तर त्याच वयाचा पुरुष घरात आहे का, आणि कुणी अपंग असेल, तर सोबत धडधाकट प्रौढ आहे का. उरलेले चार निकष म्हणजे कच्च्या भिंती-छपराची एकच खोली, पंचविशीच्या पुढचं कुणीच साक्षर नसणं, भूमिहीन असून मोलमजुरीवर जगणं आणि अनुसूचित जाती-जमातीचं असणं.

शेवटचा निकष तुमच्या भागात फारसा उपयोगी पडत नाही. राजूरच्या आसपासच्या वाड्यांमध्ये महादेव कोळी आणि ठाकर समाजाचीच वस्ती मोठी. तिथे जवळजवळ प्रत्येक घर त्या रकान्यात बसतं. कातकरी कुटुंबांना तर हे निकषही लावायचे नव्हते. आदिम जमात म्हणून ती आपोआप यादीत धरायची होती.

आता तुमची दोन घरं घ्या. या जनगणनेवर आधारलेल्या घरकुल यादीत आधी घर आहे की नाही आणि खोल्या किती, हे पाहिलं जातं. तिथे दोन्ही घरं सारखी ठरली, तर वंचिततेचे गुण मोजतात. आजीच्या घरी राबत्या वयाचं कुणी नाही, हा एक गुण. प्रमुख बाई आणि कर्ता पुरुष नाही, हा दुसरा. आजीला अक्षरओळख नसेल, तर तिसरा. नऊ माणसांच्या घरात चार कमावते हात असतील, तर त्या घराला यांतला पहिला गुणही मिळत नाही. माझ्या मते हा क्रम न्याय्य आहे.

त्याला अभ्यासाचाही आधार आहे. ज्यां द्रेज आणि पी. व्ही. श्रीनिवासन यांनी १९९७ मध्ये ग्रामीण भारतातल्या विधवांच्या गरिबीवर एक शोधनिबंध लिहिला. दरडोई खर्च पाहिला, तर विधवांची घरं इतरांहून फारशी गरीब दिसत नव्हती. पण ही घरं लहान असतात. छप्पर शाकारणं, दिवा, सरपण, भांडीकुंडी हा खर्च माणसं कमी म्हणून त्या प्रमाणात घटत नाही. ही बाब हिशेबात थोडीशी जरी धरली, तरी त्यांची गरिबी ठळक होते. आजी-नातवाचं दरडोई उत्पन्न शेजाऱ्यांइतकंच निघालं, तरी ती दोघं जास्त ओढगस्तीत असू शकतात ती यामुळे.

पण मोठ्या कुटुंबावर अन्याय होतच नाही, असंही नाही. त्याच जनगणनेत घरात मोटारसायकल असली, तर अख्खं कुटुंब वंचितांतून बाहेर पडत असे. नऊ जणांतल्या एकाने कामावर जायला जुनी गाडी घेतली, की उरलेले आठजणही गेले. माणसं जितकी जास्त, तितकी कुणाकडे तरी गाडी असण्याची शक्यता जास्त, हे निकष लिहिणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. घरकुलासाठीची ही अट २०२४ मध्ये निघाली, हे चांगलं झालं.

रेशनचा हिशेब आणखी वेगळा. अंत्योदय कार्डावर माणसं कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. दोन्ही हिशेब सात माणसांवर सारखे होतात. आजी-नातवाकडे अंत्योदय कार्ड असेल, तर माणशी साडेसतरा किलो. प्राधान्य असेल, तर दोघांत मिळून १० किलो. नऊ जणांना उलट प्राधान्य कार्डच फायद्याचं: ४५ किलो. म्हणून आजीचं कार्ड कोणतं, हे आधी बघा. मोठ्या घरातला मुलगा वेगळा निघाला, तर त्याला अंत्योदय मिळेलच असं नाही, कारण त्या कार्डांचा इष्टांक ठरलेला असतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे: घरातलं माणूस कुणाला धरायचं? नेहमीच्या जनगणनेचा नियम साधा आहे. एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली, तर कुटुंबं दोन. याच नियमाने आश्रमशाळेत राहणारी मुलं तिथल्या चुलीवर जेवतात म्हणून संस्थेच्या कुटुंबात मोजली जातात. राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे आणि त्याच्या आश्रमशाळांत, वसतिगृहांत वाड्यावाड्यांतली पोरं राहतात. त्यामुळे तुमच्याकडची कुटुंबं प्रत्यक्षात असतात त्याहून कागदावर लहान दिसतात. सुट्टीत तीच पोरं घरी येतात आणि चूल पुन्हा तेवढ्यांसाठी पेटते.

दुसरी अडचण हंगामाची. भात निघालं की पश्चिम अकोल्यातली कितीतरी जोडपी नारायणगाव, ओतूर, आळेफाट्याकडे मजुरीला जातात. मागे राहतात म्हातारी आणि लेकरं. म्हणजे तुमचं नऊ माणसांचं घरही माघ-फाल्गुनात आजीच्या घरासारखंच होत असेल. २०११ च्या नेहमीच्या जनगणनेतली माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली होती, नेमकी याच दिवसांत. पुढचीही फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे. कारखाने आणि बागायतीचा उत्तर अहिल्यानगर आणि घाटमाथ्याचा हा पट्टा जिल्ह्याच्या सरासरीत आधीच एकत्र मिसळतात. त्यात इथली माणसं दुसऱ्या जिल्ह्यात मोजली गेली, तर वाडीचं चित्र आणखी पुसट होईल.

म्हणून ग्रामसभेत डोकी मोजण्यापेक्षा दोन गोष्टी विचारा: पावसाळ्यात या घरात राबतं कोण, आणि फेब्रुवारीत इथे उरतं कोण? आजीच्या घरात दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून माझं मत तिच्या बाजूने. आणि बाहेरगावी जाणाऱ्या जोडप्यांना एवढं सांगून ठेवा, की मोजणीचे सगळे दिवस ती तिकडेच मुक्कामी असतील, तर गणकाला नावं तिथेच द्यावीत; आजी-आजोबांनी वाडीत ती पुन्हा लिहवून घेऊ नयेत.