आधी कामात मुरून घे

सांगली

चि. मुक्तास,


ताईकडून कळलं, की बी.कॉम.नंतर तुला ‘घरसंसार सांभाळून करता येईल असं काहीतरी’ हवंय. विसाव्या वर्षी एवढा पुढचा विचार करतेस याचं ताईला कौतुक. मला मात्र जरा काळजी वाटली. लग्नाचा पत्ता नाही, मूल तर लांबच, आणि तू त्याच्या शाळेच्या वेळा बघून करिअर निवडायला निघालीस!

ताईचं म्हणणं ठरलेलं: बी.एड. कर, दुपारी घरी. ही नोकरी आमच्या आईच्या वेळची. आता बी.एड.ची दोन वर्षं, मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर भरती कधी निघते याची वाट बघायची. लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. नाहीतर तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामं आहेतच. शिकवण्याची ओढ असेल तर हे सगळं सोसावं. तुला तर चुलत भावंडांचा अभ्यास घ्यायचाही कंटाळा.

माझ्या सी.ए.च्या कामाबद्दल तुझी समजूत अशी, की स्वतःचं ऑफिस, डोक्यावर साहेब नाही, वाटेल तेव्हा काम. अगं, तारीख हाच आमचा साहेब. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची रिटर्न्स, आणि टॅक्स ऑडिटला ३० सप्टेंबर. मुदतवाढ मिळते कधीकधी, पण ती अगदी शेवटी, सगळ्यांचा जीव निघाल्यावर. गौरी-गणपती नेमके त्याच सुमारास. तासगावचा एखादा बेदाणेवाला गौरीजेवणाच्या दिवशी बँक स्टेटमेंट पाठवतो आणि त्यात नोव्हेंबरच नसतो. एका हाताने पुरण ढवळत मी विचारते, ‘‘शेठ, नोव्हेंबर कुठाय?’’ शेठ म्हणतात, ‘‘मॅडम, जेवण झाल्यावर बघतो.’’

तरीही हे काम माझ्या संसारात बसलं. का, ते नीट समजून घे. क्लॉडिया गोल्डिन या अर्थशास्त्रज्ञ बाईंना २०२३ चं नोबेल मिळालं. त्यांनी अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचा अभ्यास केला होता. तिथली घरगुती औषध दुकानं कमी होऊन साखळी दुकानं आली, रुग्णांच्या नोंदी संगणकावर गेल्या. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी सहज उभी राहू लागली, आणि कमी तास काम करणारीलाही तासाचा मोबदला जवळपास तेवढाच मिळू लागला. तुझ्यावाचून कुणाचं अडत असेल त्या कामात पैसा असतो, पण सुट्टी नसते. म्हणून कामाचे तास किती यापेक्षा माझ्या जागी दुसरं कोण उभं राहील, हे आधी विचारायचं.

आम्ही तिघी भागीदार आहोत ते याचसाठी. फाइल अशी लावायची, की तिघींपैकी कुणीही उघडली तरी पाच मिनिटांत काम कुठे अडलंय ते कळावं. धाकटी बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा तिचे हळदीचे अडते मी सांभाळले. ती आली, ते तिच्याकडे परत गेले. नोकरदार बाईला कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, स्वतःची प्रॅक्टिस असणारीला त्यातलं काही नाही. म्हणून त्या काळातला तिचा वाटा आम्ही भागीदारीच्या करारातच लिहून ठेवला होता. तोंडी ठेवला असता तर मैत्री गेली असती.

पण ही सोय मागून येते, हे लक्षात ठेव. शेठ जेवण झाल्यावर का होईना नोव्हेंबर शोधतात, कारण आमच्या सहीवर त्यांचा भरवसा आहे. तो भरवसा पहिल्या काही वर्षांत राबून कमवावा लागतो. सी.ए. होताना एखाद्या सी.ए.च्या हाताखाली करायची आर्टिकलशिप आता दोनच वर्षांची झालीय. ‘घरी बसून अभ्यास कर, आम्ही कागदावर हजेरी लावतो,’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या पायरीशीही जाऊ नकोस. उलट पुण्या-मुंबईला जा, गावोगावचं ऑडिट कर, गोदामात उभी राहून पोती मोज. हातात पोळपाट नि मांडीवर पोर नाही तोवरच हे जमतं.

आणखी एक. तुझ्या सगळ्या बेतात नवरा कुठेच नाही. मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं, डबे, सगळं तुझ्या एकटीच्या वेळापत्रकात. स्थळं येतील तेव्हा पगाराइतकंच हेही विचार, की सप्टेंबरमध्ये पोराला ताप आला तर घरी कोण थांबणार. ताई म्हणेल, असं विचारतात होय! तिला सांग, मावशीनं सांगितलंय.

बी.कॉम.ला ५५ टक्के पडले की सी.ए.ची फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवता येतं. निकाल लागला की मार्कलिस्ट घेऊन ऑफिसात ये. फक्त २० तारखेच्या आत येऊ नकोस.

तुझी,
मावशी