डूलाची फी भरण्यापूर्वी

डूला म्हणजे कळा सुरू झाल्यापासून बाळ कुशीत येईपर्यंत बाईजवळ थांबणारी, त्यासाठी शिकलेली सोबतीण. कंबर दाबून देणे, चालायला-वळायला मदत करणे, श्वास सांभाळायला लावणे, बावरलेल्या नवऱ्याला कामाला लावणे हे तिचे काम. ती आतून तपासत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. यातले काही ‘मी करते’ म्हणणारी भेटली, तर तिच्याकडे जाऊच नका.

पुण्या-मुंबईत पूर्ण सोबतीची फी साधारण वीस-पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढेही जाते. त्यात सहसा दिवस भरण्याआधीच्या दोन-तीन भेटी, फोनवरचा सल्ला, बाळंतपणाची सोबत आणि नंतरची एक घरभेट असते. गर्भसंस्काराचे किंवा प्रसूतीपूर्व वर्ग, मालिशवाली बाई यांचे पैसे बहुधा वेगळे. विमा प्रसूतीचा असला तरी ही फी सहसा मिळत नाही, त्यामुळे ती खिशातूनच जाणार असे धरून चला.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे आगाऊ रक्कम देण्याआधी दवाखान्याला विचारा. डूलाला लेबर रूममध्ये घेणार का? नवरा आणि ती, दोघेही चालतील का, की एकालाच आत सोडणार? स्वागतकक्षातल्या ‘हो’वर विसंबू नका, डॉक्टरांनाच विचारा आणि फाइलवर तशी नोंद करून घ्या. कळांनी कळवळणारी लेक आत आणि पैसे भरलेली सोबत दाराबाहेर, ही वेळ कुणावरही येऊ नये.

मग डूलाशी बोला. सिझेरियन ठरले तर फी किती? ऑपरेशन थिएटरमध्ये तिला बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. कळा लांबल्या तर ठरावीक तासांनंतर जादा आकार आहे का? त्याच रात्री ती दुसऱ्या बाळंतपणात अडकली तर कोण येईल? त्या बदली बाईला आधी भेटून घ्या. पहिले बाळंतपण माहेरी, कोल्हापूर-साताऱ्याकडे होणार असेल, तर ती तिकडे येईल का आणि प्रवास-मुक्कामाचा खर्च कुणाचा, हेही आत्ताच ठरवा. सगळे कागदावर घ्या, पावती मागा. आपल्याकडे डूलांसाठी सरकारी परवाना नाही. प्रमाणपत्रे खासगी संस्थांची असतात. म्हणून तिने सोबत केलेल्या दोन-तीन बाळंतिणींशी बोलणे जास्त उपयोगाचे.

फी परवडत नाही म्हणून सोबतीविना राहायची गरज मात्र नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. सतरा देशांतल्या 15 हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासांचा 2017 चा कॉक्रेन आढावा सांगतो की अखंड सोबत मिळालेल्यांत सिझेरियनचे प्रमाण कमी आणि कळांचा काळही थोडा कमी आढळला. त्या अभ्यासांत डूला होत्या, तसे घरचे माणूसही होते. सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून प्रसूती आणि सिझेरियन मोफत आहे. शिवाय 2016 पासून केंद्राच्या सूचनेनुसार नात्यातली, स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई सोबत घेता येते. आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालतो. जाऊ असो, आत्या असो, सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीलाच तिला बरोबर न्या, म्हणजे नर्सबाईंची ओळख होईल. कंबर कुठे आणि कशी दाबायची, हेही ती त्यांच्याकडून शिकून घेईल.