जुनी सहा सिलिंडरची मस्टँग आणि पाचव्या गिअरचा खर्च

फोर्डच्या १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये २०० घनइंची, म्हणजे ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन मिळत असे. ताकद १२० अश्वशक्ती, दुरुस्तीला सोपं, आणि व्ही-८ च्या मानाने गाडीही आवाक्यातली. अमेरिकेत राहणारे कुणी हौशी मराठी वाचक अशी गाडी बाळगून असतील, तर हायवेवरची तक्रार त्यांना ओळखीची असेल. गिअर तीनच, सत्तरच्या वेगाला इंजिन ओरडतं आणि पेट्रोलचा काटा भराभर उतरतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘पाच गिअरचा बॉक्स बसवून टाक.’ सल्ला वाईट नाही. पण पेट्रोल वाचवून पैसे वसूल होतील या आशेवर हे काम काढणार असाल, तर आधी कागद-पेन घेऊन बसा.

समजा, हायवेवर गाडी गॅलनला २० मैल देते आणि नव्या गिअरबॉक्समुळे २४ देईल. ही वाढ उदार मनाने धरलेली आहे. वर्षाला ३,००० मैल चालवलीत तर १५० ऐवजी १२५ गॅलन लागतील. गॅलनला साडेतीन डॉलर धरले, तर वाचले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी डॉलर. काम ४,००० डॉलरचं असेल, तर ते वसूल व्हायला पंचेचाळीस वर्षं लागतील. रोज कामाला नेऊन वर्षाला १२,००० मैल काढलेत, तरी अकरा वर्षं जातात. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की लांबच्या प्रवासात कान आणि इंजिन दोन्हींना आराम हवा असेल तर हा खर्च करा. नुसतं ॲव्हरेज वाढवायचं असेल तर आधी इग्निशनकडे बघा.

या इंजिनांवर ‘लोड-ओ-मॅटिक’ नावाचा डिस्ट्रिब्युटर असे. त्यात वेगाबरोबर फाकणारी वजनं नाहीत. ठिणगी किती लवकर पडायची हे सर्वस्वी कार्बोरेटरकडून येणाऱ्या व्हॅक्यूमवर ठरतं. त्यासाठी मूळच्या ऑटोलाइट ११०० कार्बोरेटरला एक खास व्हॉल्व्ह दिलेला आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत कुणी तो कार्बोरेटर काढून दुसरा बसवला असेल, तर ठिणगी उशिरा पडत राहते, पिकअप जातो आणि पेट्रोल उगाच जळतं. जोडीतला कार्बोरेटर तरी शोधा, नाहीतर वजनं आणि व्हॅक्यूम दोन्ही असलेला नंतरच्या काळातला डिस्ट्रिब्युटर बसवा. तो घेताना खालचा षटकोनी दांडा तुमच्या इंजिनाच्या मापाचा आहे ना, हे विचारून घ्या. दोन-तीनशे डॉलरमध्ये होणारं हे काम गिअरबॉक्सच्या आधी व्हायलाच हवं. टायरमधली हवा आणि घासणारे ब्रेक तपासायला तर काहीच पडत नाही.

आता गिअरबॉक्स. बहुतेक लोक बोर्ग-वॉर्नरच्या टी-५ कडे वळतात. १९८३ पासून तो मस्टँगमध्ये येऊ लागला. व्ही-८ गाड्यांतल्या टी-५ चा पाचवा गिअर साधारण ०.६८ चा असतो, चार सिलिंडरवाल्यांत ०.७९ चाही मिळतो. इथेच पैसे फुकट जातात, म्हणून नीट बघा. तुमची गाडी मुळात तीन गिअरची मॅन्युअल असेल तर मागचा डिफरन्शियल बहुधा ३.२० चा असेल, ऑटोमॅटिक असेल तर बहुधा २.८३ चा. टायरचा व्यास २५ इंच धरला, तर ताशी ६५ मैलांना ३.२० वर इंजिन आज २,८०० च्या आसपास फिरतं, ०.६८ लावल्यावर १,९०० वर येतं. हे छान जमतं. पण २.८३ वर तोच बॉक्स लावला तर इंजिन १,७०० च्याही खाली जातं. एवढ्याशा इंजिनाला तिथे ओढ नसते, जरा चढ लागला की चौथा टाकावा लागतो. २.८३ वाल्याने ०.७९ चा बॉक्स शोधावा. त्यात इंजिन १,९५० वर राहतं आणि छोट्या पहिल्या गिअरमुळे गाडी जागेवरून उठतेही चांगली.

जुना टी-५ घेताना मागच्या हाउसिंगच्या बोल्टला अडकवलेली धातूची चकती बघा. तिच्यावर १३५२ ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्यावरून गिअरचं प्रमाण कळतं. चकती नसेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. दांडा फिरवून फेरे मोजा. १९८५ पासूनच्या ‘वर्ल्ड क्लास’ प्रकारात ऑटोमॅटिकचं पातळ तेल लागतं, जाड गिअर ऑइल घातलं तर गिअर अडकत पडतात.

खर्चाचा माझा ठोकळ अंदाज असा. चांगला जुना टी-५ पाचशे ते नऊशे डॉलर. इंजिनाशी जोडणारी प्लेट किंवा बेल हाउसिंग तीनशे ते पाचशे. मागवण्याआधी तुमच्या इंजिनाला बेल हाउसिंगचे चार बोल्ट आहेत की सहा, ते मोजा, कारण दोन्ही प्रकार आले होते. फ्लायव्हील आणि क्लचसंच तीनशे ते साडेचारशे, नवा प्रॉपेलर शाफ्ट साधारण तेवढाच. क्रॉसमेंबर, केबल, तेल आणि किरकोळ सामान अडीचशे. ऑटोमॅटिकवाल्यांना क्लचचं पेडल आणि जोडणी यासाठी आणखी तीन-चारशे. मजुरी गॅरेजवर अवलंबून, पंधराशे ते अडीच हजार. ऑटोमॅटिक गाडीचं सगळं मिळून साडेतीन ते साडेपाच हजार होतं. मजुरीचा आकडा तासावर न घेता पूर्ण कामाचा लेखी घ्या, आणि शाफ्टचं माप बॉक्स बसल्यावरच घ्यायचं हे आधी ठरवा.

काम झाल्यावर ॲव्हरेज मोजायची घाई करू नका. मैल मोजणारी केबल आता नव्या बॉक्समधून फिरते. तिचा छोटा प्लास्टिकचा गिअर डिफरन्शियल आणि टायरच्या मापाचा नसेल तर मीटर खोटे मैल दाखवतो. हायवेवरच्या मैलाच्या पाट्यांशी दहा मैल ताडून बघा, फरक निघाला तर तो गिअर बदला, आणि मगच टाकी भरून मोजायला लागा.